पोरांच्या हातात झाडू दिलात, रजिस्टर कधी देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागं एक लेख आला होता, आजच्या तरुणांना सामाजिक भान राहिलेलं नाही, सगळे मोबाईलमध्ये मुंडी घालून बसलेत वगैरे. वाचून थोडा राग आला आणि थोडं हसूही आलं, कारण हेच वाक्य आमच्या कॉलेजच्या काळात आमच्याबद्दल लिहून यायचं, फक्त मोबाईलच्या जागी सिनेमा असायचा. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवत होते आणि बरीच वर्षं एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, कार्यक्रम अधिकारी होते. त्यामुळं अठरा ते एकवीसची पोरंपोरी फार जवळून बघितली आहेत. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण मधला संडासाचा भाग ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे पोरांना कळवळा नाही हे साफ खोटं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा आमच्याकडची पोरं कुणी न सांगता टेम्पो भरून चादरी, बिस्किटं, पाण्याचे बॉक्स घेऊन गेली. २०२१ ला चिपळूण-महाडला पाणी शिरलं तेव्हा तर लांबलांबून मुलं खोरी-घमेली घेऊन जाऊन लोकांच्या घरातला गुडघाभर चिखल काढत होती आणि त्यातली निम्मी तीच होती ज्यांना आपण रीलबहाद्दर म्हणतो. कळवळा आहेच. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. चिखल काढून झाला, चार महिन्यांनी तिथं पूररेषेत परत बांधकाम सुरू झालं का, नुकसानीचे पंचनामे नीट झाले का, पैसे कुणाच्या खात्यावर गेले, हे बघायला त्यातलं कोण जातं? कुणी जात नाही, कारण हे बघायचं असतं आणि आपल्याला ते बघता येतं हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

मला एवढंच म्हणायचंय की आपण मुलांना सेवा करायला शिकवतो आणि हिशेब विचारायला शिकवत नाही. गाव झाडून काढ म्हणतो पण घंटागाडी तीन दिवस का आली नाही ते विचार असं म्हणत नाही. ते विचारलं की लगेच 'राजकारण' होतं.

एनएसएसचंच बघा ना. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात ही योजना सुरू झाली, तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते, आता तो आकडा काही लाखांत आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि एका दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर, असा साधा सरळ हिशेब. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी हे तास डायरीत भरले जातात, शेवटच्या आठवड्यात, एकाच पेनानं. स्वच्छता अभियानाला पाहुणे येणार म्हणून आधीच झाडून लख्ख झालेल्या चौकात पालापाचोळा आणून टाकायचा आणि मग नव्या कोऱ्या झाडूनं पाहुण्यांनी तो झाडायचा, हे मी एकदाच नाही, पुष्कळदा पाहिलंय. मुलं बघत असतात की ओ. त्यांना तिथंच कळतं की हे सगळं फोटोपुरतं आहे, मग तीपण फोटोपुरती येतात. त्यात त्यांचं काय चुकलं?

आता नवीन शैक्षणिक धोरणात डिग्रीला फिल्ड प्रोजेक्ट आणि सीईपी, म्हणजे समाजात जाऊन करायचं काम, याला क्रेडिट आहेत. चांगलंय, पण पहिल्याच वर्षी झेरॉक्सच्या दुकानात तयार रिपोर्ट मिळायला लागलेत, कव्हर बदलून, तिथं काय बोलायचं.

मात्र एक सांगते, मार्कासाठी येणाऱ्या मुलाकडं बघून नाक मुरडणाऱ्यातली मी नाही. एनएसएसच्या दहा मार्कांसाठीच बहुतेक सगळे नाव देतात. पोरगी घरून सात दिवस बाहेर राहायला मिळतंय म्हणून येते, पोरगा ती येतेय म्हणून येतो. येऊ द्या की. कुणी का कारणानं येईना, एकदा आल्यावर त्याला काय दिसतं, काय करायला मिळतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

शिबिर कसं असतं ते न पाहिलेल्यांसाठी सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम, मुली वर्गात, मुलं व्हरांड्यात, डिसेंबर-जानेवारीची थंडी, पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान म्हणजे शोषखड्डे खणणं, ओढ्यावर पोत्यात वाळू भरून बंधारा घालणं, दुपारी जेवण झालं की बौद्धिक सत्र आणि त्यात कुणीतरी 'युवकांपुढील आव्हाने' या विषयावर दीड तास बोलणार. भात-आमटी पोटात गेलेली, पहाटेपासून खणलेलं, समोरची साठ डोकी एकेक करून खाली जातात. मी वक्त्यांची माफी मागून म्हणते पण त्या सत्रांतून एकाही मुलात सामाजिक जाणीव निर्माण झालेली मी पाहिली नाही. जी काही झाली ती संध्याकाळी गावात घरोघर फिरताना झाली.

असंच एक शिबिर होतं. २०१८ साली आपला महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला, त्याच्या नंतरच्या हिवाळ्यातलं. मुलामुलींच्या जोड्या करून आम्ही शौचालयांचा सर्व्हे लावला होता, साधा फॉर्म, संडास आहे का, वापरता का, नसेल तर का नाही. ग्रामपंचायतीच्या यादीत सगळी घरं 'वापरात' होती. मुली परत आल्या त्या हसत हसत, मॅडम त्या अमक्यांच्या संडासात गोवऱ्या रचल्यात, पलीकडच्यांनी कडबा भरलाय, एकीनं तर कोंबड्या कोंडल्यात. मी म्हटलं हसू नका, का ते विचारलं का? नव्हतं विचारलं. दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. एका म्हातारीनं त्यांना दारात बसवून घेतलं, गूळ-शेंगदाणे दिले आणि म्हणाली, "प्यायला दोन घागरी आणायच्या तर त्या लिंबापसनं आणावं लागतंय, संडासात काय वतू, माझं डोकं?" आणि आलेल्या बारा हजाराच्या अनुदानातून संडास बांधून दिला तो ठेकेदारानं, खड्डा एकच आणि तोही उथळ, म्हणजे पाणी असतं तरी वर्षभरात तुंबलाच असता.

त्या रात्री शेकोटीजवळ सांस्कृतिक कार्यक्रमाची प्रॅक्टिस बाजूला राहिली. एक पोरगी, जी आतापर्यंत फक्त पोळ्या लाटायला कुणाची पाळी आहे यावरून भांडायची, तिनं विचारलं, मॅडम, मग यादीत 'वापरात' असं कुणी लिहिलं? बास. मला विचाराल तर नागरिक तिथं जन्माला आला. म्हातारीची कीव सगळ्यांनाच आली होती, ती येतेच, पण हा प्रश्न कीव आल्यावरच्या पुढच्या पायरीचा आहे. कोणी लिहिलं, कशावरून लिहिलं, सही कुणाची.

दुसऱ्या दिवशी मुलं ग्रामपंचायतीत गेली, ग्रामसेवकांकडं (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं). उत्तर काय मिळालं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. "तुम्ही शिबिर करायला आलाय, शिबिर करा, गावात राजकारण करू नका." संध्याकाळपर्यंत कॉलेजात फोन गेला आणि मला निरोप आला की वृक्षारोपण वगैरे घ्या, सर्व्हे थांबवा. सर्व्हे तोवर झालाच होता म्हणा. समारोपाला सरपंच, चेअरमन, आमचे साहेब सगळे स्टेजवर आणि मुलांनी आकडे वाचून दाखवले, नावं न घेता, इतकी घरं, इतके संडास, इतके वापरात, न वापरण्याची कारणं. पुढं काय झालं म्हणाल तर पाईपलाईन काही लगेच आली नाही. उन्हाळ्यात टँकरची एक खेप वाढली, ती आमच्यामुळं की निवडणूक जवळ आली म्हणून ते देव जाणे.

ती प्रश्न विचारणारी पोरगी आता लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात आहे. तिथं महिला ग्रामसभेला जाते. कायद्यानं प्रत्येक ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, बऱ्याच गावांत ती घरोघर रजिस्टर फिरवून सह्या घेऊनच होते. बाकीच्या बायका सही करून स्वयंपाकाला निघून जातात आणि ही बसून राहते, म्हणते मागचं प्रोसिडिंग वाचून दाखवा. सासू वैतागते तिच्यावर. फोनवर सांगत होती आणि हसत होती.

आता मूळ मुद्दा. हे असं सगळ्या मुलांना का करता येऊ नये? ग्रामसभा वर्षातून चार तरी घ्यायलाच लागतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे गावाला किती आले, कशावर खर्च दाखवले, हे ई-ग्रामस्वराजच्या पोर्टलवर मोबाईलवरसुद्धा दिसतं. ज्या मोबाईलच्या नावानं आपण बोटं मोडतो त्याच मोबाईलवर. एकदा वर्गात मी मुलांना आपापल्या गावाचं नाव टाकून बघायला लावलं होतं तर अर्धा तास वर्गात नुसता गलका, मॅडम आमच्याकडं या नावाचं गटारच नाही, मॅडम हे तर माझ्या घरासमोरचं आहे पण अजून झालेलं नाही. एवढा जिवंत तास मी पंचवीस पानी नोट्स देऊनपण घेतला नव्हता. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हे २००५ पासून देशभर आहे आणि आपल्या महाराष्ट्रात तर त्याच्या आधीपासून होतं. पण बीएच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांनी असा एकतरी अर्ज हातानं लिहिलाय का विचारा. पेपरात मात्र 'माहितीच्या अधिकाराचे महत्त्व स्पष्ट करा' याला पाच मार्क.

शाळेत नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पेपराला लावलेलं शेपूट, ते सगळ्यांनाच माहितीये. त्यापेक्षा वाईट वाटतं ते आमच्या स्पर्धा परीक्षावाल्या मुलांचं. आमच्याकडची शेकड्यानं मुलं पुण्यात पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतात. त्यांना रात्री दोनला उठवून विचारा, पंचायतींची ७३ वी घटनादुरुस्ती कधी लागू झाली, कलम २४३ चं पोटकलम काय म्हणतं, मूलभूत कर्तव्यं कोणत्या कलमात, धडाधड सांगतील. आणि त्यातल्या दहातल्या नऊ जणांनी ग्रामसभा आयुष्यात पाहिलेली नसते. गावात मतदार यादीत नाव आहे पण गावात राहत नाहीत, पुण्यात राहतात पण तिथं यादीत नाव नाही, मग तिथला खड्डा, तिथली लायब्ररी, तिथलं पाणी हे त्यांचं नसतं आणि गावचंपण राहत नाही. पाच-सहा वर्षं, ऐन उमेदीची, ही पोरं कुठलीच नागरिक नसतात. उद्या यातलीच काही तहसीलदार, बीडीओ होऊन खुर्चीत बसणार आणि समोर आलेल्या पोराला म्हणणार, राजकारण करू नका.

शहराचंही काही वेगळं नाही. पुणे महापालिकेत २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय आहे, फॉर्म भरायचा, फुटपाथ, बाक, दिवे असली लहान कामं. फार चांगली गोष्ट आहे, पण किती कॉलेजांनी आपल्या मुलांना घेऊन आपल्या प्रभागाचे असे फॉर्म भरले? आणि २०२२ मध्ये पुणे-मुंबईसकट कितीतरी महापालिकांची मुदत संपली ती पुढची तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होते. म्हणजे त्या काळात जो पोरगा अठराचा झाला त्यानं नगरसेवक हा प्राणी फक्त फ्लेक्सवर पाहिला, तोही 'भावी' म्हणून.

मतदानाचं वय २१ वरून १८ केलं १९८९ ला. त्याच सालात मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थ्याचा खून झाला आणि त्यानंतर आपल्याकडं कॉलेजातल्या खुल्या निवडणुका बंद झाल्या त्या झाल्याच, १९९४ च्या कायद्यानं मार्कांवर वर्ग प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात परत तरतूद केली, २०१९ ला होणार होणार म्हणून गाजावाजा झाला, पुढं ढकलल्या, अजून ढकलतोच आहोत. मारामाऱ्या होतात हे खरंय, मीपण आई आहे, मलाही भीती वाटते. पण अठराव्या वर्षी देशाचा खासदार निवडायला लायक असलेला मुलगा स्वतःच्या वर्गाचा सीआर निवडायला नालायक, हे काही माझ्या पचनी पडत नाही. चारचौघांत उभं राहून मत मागायचं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच कँटीनमध्ये त्याच पोराबरोबर चहा प्यायचा, हे शिकायचं कुठं मग? उरलं काय तर पुढाऱ्यांच्या मागं फिरणं. वाढदिवसाचे फ्लेक्स लावायचे, दहीहंडीला टी-शर्ट घालायचे, सभेच्या सतरंज्या उचलायच्या. पोरांच्यात दम आहे, वेळ आहे, तो कुणीतरी वापरणारच. आपण नाही वापरला तर ते वापरतात.

आधीच्या काळाचे गोडवे गायला मी हे लिहीत नाहीये. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखा होत्या, साने गुरुजींच्या गोष्टी ऐकून वाढलेली माणसं होती, बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, १९८५ ला शंभरावर तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रा काढली, हे सगळं खरं आणि मोठं. पण तेव्हाही सगळे तरुण काही छावणीत नव्हते, पुष्कळसे थेटरच्या लायनीत होते. आणि आजही हे चालूच आहे, गडचिरोलीत शोधग्रामला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६ पासून 'निर्माण' नावाचं तरुणांसाठीचं काम चालवलंय, आमच्या एक-दोन विद्यार्थ्यांना मी तिकडं अर्ज करायला लावले होते. या सगळ्यात मला एक सारखी गोष्ट दिसते, तिथं मुलांना अवघड काम देतात आणि कामावरून आल्यावर त्यावर बोलायला लावतात. काम करून नुसतं जेवून झोपा असं नसतं.

पाणी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे पाणी अडवायची गावागावांतली स्पर्धा, आठवत असेल. २०१६ ला तीन तालुक्यांपासून सुरू झाला, पुढं सोलापूर जिल्ह्यातही आला. त्याला नावं ठेवणारे आहेत, ठेवा, भूजलाचे जाणकार सांगतील काय बरोबर काय चूक. मी बघितलं ते एवढंच की आधी गावातल्या माणसांना चार दिवस ट्रेनिंग, समतल चर कसा आखायचा, माथ्यापासून पायथ्याकडं का यायचं, आणि मग किती घनमीटर काम झालं ते रोजच्या रोज मोजायचं. कधी घरात पाण्याचा तांब्या न उचलणारी पोरं पहाटे पाचला डोंगरावर टेप घेऊन. कारण काय, तर भाषण नव्हतं, माप होतं, शेजारच्या गावाशी चुरस होती आणि पाऊस पडल्यावर चरात पाणी साठतं की नाही ते डोळ्यांनी दिसणार होतं. एक मेच्या महाश्रमदानाला शहरातली मंडळी गॉगल लावून यायची, सेल्फी काढून जायची, त्यातली काही मात्र पुढच्या वर्षी परत यायची, बिगर गॉगलची.

घरच्यांबद्दल एक लिहिते आणि थांबते. शिबिराच्या आधी पालकांचे फोन यायचे, मॅडम जाऊ द्या सात दिवस पण तिला कुठल्या भानगडीत पडू देऊ नका. भानगड म्हणजे काय तर कुणाला प्रश्न विचारणं. आपल्याकडं गुणी पोराची व्याख्याच अशी की तो खाली मान घालून जातो आणि खाली मान घालून येतो, मग पंचविसाव्या वर्षी त्यानं मान वर करून समाजाकडं बघावं ही अपेक्षा कुठून करायची. त्यातल्या त्यात झेडपीच्या शाळा बऱ्या म्हणायच्या, तिथं शालेय मंत्रिमंडळ असतं, आरोग्यमंत्री नखं तपासतो, आहारमंत्री खिचडीकडं बघतो. एका शाळेत चौथीच्या आहारमंत्र्यानं खिचडीतल्या डाळीवरून बाईंना सुनावलेलं मी ऐकलंय आणि बाईंनी ऐकूनही घेतलं. तो पोरगा कॉलेजात येईपर्यंत गप्प का होतो, हे शोधायला पाहिजे कुणीतरी.

तुम्हाला एक विनंती. स्वच्छता अभियानात झाडू धरलेल्या पाहुण्यांचे फोटो छापणं बंद करा, निदान झाडू नवा असेल तर. त्या जागेत येत्या ग्रामसभेच्या आधी एक चौकट टाका, ग्रामसभेत कोण बसू शकतं, कुठली रजिस्टरं बघायला मागता येतात, गावाचा खर्च मोबाईलवर कुठं दिसतो, नाही दाखवला तर तक्रार कुणाकडं करायची. आणि अठरा पूर्ण झालेल्यांनी फॉर्म ६ कुठं भरायचा तेपण, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात हे अजून बऱ्याच पोरांना माहीत नाही. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअप ग्रुप आहे, छापलंत तर कात्रणाचा फोटो मी तिथं टाकते, बाकीचं ती बघतील.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
बार्शी, जि. सोलापूर